लांब मुक्कामातली छोटी परदेश सहल : वाचकांचे प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी परदेशी गेल्यावर मध्येच शेजारच्या देशातही चार दिवस जाऊन यावे, अशी इच्छा अनेक पत्रांतून व्यक्त झाली आहे. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे वय ६८ आणि पत्नीचे ६४ आहे. येत्या मे महिन्यात आम्ही न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे पाच महिन्यांसाठी जाणार आहोत. आम्हा दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे. मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, सूनबाई एच-४ (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आहेत आणि सहा वर्षांची नात जन्माने अमेरिकी नागरिक आहे. नायगारा कॅनडाच्या बाजूने अधिक चांगला दिसतो असे सगळे सांगतात, म्हणून सर्वांनी मिळून गाडीने तीन-चार दिवस तिकडे जावे असे मनात आहे. मुलाच्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का गेल्या वर्षी संपला, मात्र नोकरीची मंजुरी अजून चालू आहे. आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ म्हणतात की, अमेरिकेचा व्हिसा असला की कॅनडासाठी वेगळे काही लागत नाही आणि शिवाय परत येताना सहा महिने नव्याने मिळतात. हे खरे आहे काय? पत्नीचे गुडघे दुखतात आणि मला मधुमेह आहे, हेही लक्षात घ्यावे. – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या सोसायटीतील गृहस्थांची पहिली गोष्ट चुकीची आहे आणि दुसरीवर विसंबून परतीचे तिकीट पुढे ढकलणे धोक्याचे आहे. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना कॅनडात जाण्यासाठी, मग ते विमानाने जावोत किंवा पूल ओलांडून पायी जावोत, कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा काढावाच लागतो, आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा किंवा एच-१बी यामुळे ती अट सुटत नाही. सूट आहे ती अमेरिकेचे ग्रीनकार्ड असणाऱ्यांना, आणि ते गृहस्थ ज्यांच्याबरोबर जाऊन आले असतील त्यांच्याकडे बहुधा ग्रीनकार्ड असावे. ‘अमेरिकेचा व्हिसा असला की पुरते’ हा नियम खरा आहे तो मेक्सिकोच्या बाबतीत, कारण अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असल्यास मेक्सिको भारतीयांकडे वेगळा व्हिसा मागत नाही. ऐकीव माहितीत हे दोन शेजारी देश नेहमी एकमेकांत मिसळतात.

तेव्हा पहिले काम असे की, आपण उभयतांनी कॅनडाच्या व्हिसासाठी भारतातूनच, म्हणजे लगेच, अर्ज करावा. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याचे शुल्क प्रत्येकी १०० कॅनेडियन डॉलर आहे, आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांसाठी एका व्यक्तीला ८५ डॉलर पडतात. कुटुंबाने एकत्र अर्ज केल्यास ठशांचे शुल्क १७० डॉलरच्या वर जात नाही. एकदा दिलेले ठसे दहा वर्षे चालतात. अर्जासोबत अमेरिकेच्या व्हिसाची प्रत, मुलाचे निमंत्रणपत्र, सहलीचा थोडक्यात कार्यक्रम, पेन्शन आणि बँकेचे तपशील जोडावेत. भारतात परतण्याची कारणे, म्हणजे घर, शेती, इतर मुले किंवा चालू असलेले उपचार, पत्रात साध्या शब्दांत लिहावीत. अमेरिकेत पोहोचल्यावरही हा अर्ज करता येतो आणि तेथील केंद्रांत ठसे देता येतात, परंतु मंजुरीनंतर व्हिसा चिकटवण्यासाठी पासपोर्ट टपालाने पाठवावा लागतो. परक्या देशात आपला पासपोर्ट किती दिवस दुसरीकडे राहील याची खात्री नसणे या वयात सोयीचे नाही. मुलाला आणि सूनबाईंना मात्र हे सर्व तिथूनच करावे लागेल. त्यांनाही कॅनडाचा व्हिसा लागतोच, आणि सहल फसते ती पुष्कळदा याच ठिकाणी : आई-वडिलांची कागदपत्रे चोख असतात आणि गाडी चालवणाऱ्याचाच व्हिसा काढायचा राहून जातो.

आता परतीचा विचार करू, कारण माझ्या मते अशा सहलीत जाण्यापेक्षा परत येण्याची तयारी अधिक काळजीने करावी लागते. आपल्या पासपोर्टवरील दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी आहे. आत किती दिवस राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. हल्ली ही नोंद कागदावर मिळत नाही, ती अमेरिकी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहायची असते. न्यू जर्सीला पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाकडून ती काढून घ्यावी, त्यावरील नाव आणि तारीख तपासावी आणि दोन छापील प्रती जवळ ठेवाव्यात. तीस दिवसांच्या आतील कॅनडा किंवा मेक्सिकोच्या फेरीनंतर सहसा तीच नोंद पुढे चालू राहते, म्हणजे परत आल्यावर मूळ मुदतीतील उरलेलेच दिवस मिळतात. एखाद्या अधिकाऱ्याने नवी मुदत दिल्याचे कोणी सांगेलही, पण तो त्याचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. शिवाय २०१३ पासून भू-सीमेवर तुम्ही एका देशात शिरल्याची नोंद दुसऱ्या देशाला तुमच्या बाहेर पडण्याची नोंद म्हणून मिळते. त्यामुळे दोन्ही बाजूंना सर्व तारखा दिसतात आणि मुक्काम वाढवण्यासाठीच केलेली फेरी लपत नाही. खरोखर अधिक राहायचे असेल, तर मुदत संपण्याआधी अमेरिकेतूनच मुदतवाढीचा रीतसर अर्ज करावा. नायगाऱ्याचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

आपल्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. व्हिसाचा शिक्का संपलेला असूनही, केवळ कॅनडात किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत राहून परत येणाऱ्याला, त्याची आय-९४ नोंद मुदतीत असेल आणि अमेरिकेत राहण्याचा त्याचा दर्जा (येथे एच-१बी) तोच असेल, तर संपलेल्या शिक्क्यावर अमेरिकेत पुन्हा प्रवेश मिळू शकतो. अमेरिकी नियमांत याला व्हिसाचे आपोआप नूतनीकरण म्हणतात. याला एक महत्त्वाची अट आहे : त्या फेरीत कॅनडातील अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत मिळत नाही आणि नवा व्हिसा हातात येईपर्यंत परत येता येत नाही. त्यामुळे ‘जातोच आहोत तर शिक्काही मारून घेऊ’ हा विचार सहकुटुंब सहलीत मुळीच करू नये. मुलाने मंजुरीची मूळ नोटीस, म्हणजे आय-७९७, आय-९४ ची छापील प्रत आणि अलीकडच्या पगारपत्रिका जवळ ठेवाव्यात. सूनबाईंचा शिक्का चालू आहे की नाही हेही पाहावे. संपला असल्यास त्यांनाही हीच सवलत आणि हीच अट लागू होते. निघण्यापूर्वी कंपनीच्या वकिलाला एक ई-मेल करून लेखी होकार घेतला तर अधिक बरे, कारण हे नियम कधीही बदलू शकतात आणि मुलाची नोकरी त्यांच्यावर अवलंबून आहे. मेक्सिकोला जायचे ठरवले तर संपलेला शिक्का अडचणीचा ठरेल, कारण तिथली सूट अमेरिकेच्या चालू व्हिसावरच मिळते.

नातीसाठी अमेरिकी पासपोर्ट काढून ठेवावा. सोळा वर्षांखालील अमेरिकी मुलांना भू-सीमेवरून परत येताना जन्मदाखल्यावरही प्रवेश मिळतो, पण पासपोर्ट असला की प्रश्न कमी विचारले जातात. ऐन वेळी मुलाला रजा मिळाली नाही आणि सूनबाईंबरोबर किंवा फक्त आपल्याबरोबर ती निघाली, तर न येणाऱ्या पालकाचे सहीचे संमतिपत्र अवश्य बरोबर ठेवावे. आजी-आजोबांबरोबर निघालेल्या मुलांच्या बाबतीत सीमेवरील अधिकारी याविषयी काटेकोर असतात, आणि ते योग्यच आहे.

प्रत्यक्ष सहलीविषयी. न्यू जर्सी ते नायगारा हे अंतर सुमारे ४०० मैलांचे आहे आणि थांबे धरून पूर्ण दिवस जातो. वाटेत वॉटकिन्स ग्लेनची घळ पाहा असे कोणी सुचवील, पण तिथे आठशेहून अधिक पायऱ्या आहेत. वहिनींच्या गुडघ्यांसाठी ती सोडून द्यावी आणि थांबायचेच असेल तर कॉर्निंगचे काचेचे संग्रहालय पाहावे, जिथे सपाट जागा, बसायला बाके आणि स्वच्छतागृहे आहेत. पहिली रात्र अमेरिकेच्याच बाजूला काढावी. सकाळी तिथले उद्यान पाहावे. १८८५ साली स्थापन झालेल्या या उद्यानात गोट आयलंडवरून घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मोठ्या धबधब्याच्या अगदी काठाशी उभे राहता येते. पाणी कड्यावरून वळताना हिरवट काचेसारखे दिसते आणि मग एकदम पांढरे होते. ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोटीपर्यंत खाली नेणारी लिफ्ट आहे, त्यामुळे तो भाग गुडघ्यांना जड जाणार नाही. ‘केव्ह ऑफ द विंड्स’मध्ये मात्र लिफ्टनंतर ओल्या लाकडी जिन्यांवरून चालावे लागते, तिथे मुलाने आणि नातीने जावे. बोटी साधारण वसंतापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात, तेव्हा आपल्या पाच महिन्यांपैकी जून किंवा सप्टेंबर निवडावा. एक जुलैचा कॅनडा दिन आणि चार जुलैचा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन यांच्या आसपास पुलांवर रांगा लागतात, तो आठवडा टाळावा.

दुपारनंतर सीमा ओलांडावी. १९४१ साली खुला झालेला रेनबो पूल धबधब्याच्या सर्वांत जवळ आहे आणि तो पायीही ओलांडता येतो, परंतु सामान आणि गुडघे पाहता गाडीनेच जावे. रेनबो पुलावर गर्दी असेल तर उत्तरेला लुईस्टन-क्वीन्स्टन आणि दक्षिणेला बफेलोजवळचा पीस ब्रिज हे पर्याय आहेत. व्हर्लपूल पूल आधी नोंदणी केलेल्या नेक्सस कार्डधारकांसाठीच आहे, त्यामुळे नकाशाने तिकडे वळवले तरी वळू नये. सर्वांचे पासपोर्ट निघतानाच एका पाकिटात घालून पुढच्या सीटवर बसलेल्याकडे द्यावेत, कारण खिडकीशी पोहोचल्यावर मागच्या डिकीतील बॅग उघडण्याची वेळ येऊ नये. प्रश्नांना थोडक्यात आणि खरी उत्तरे द्यावीत : कोठे राहता, कोणाकडे आला आहात, किती दिवसांसाठी जाता आहात, भारतात कधी परतणार. अमेरिकेत परत शिरताना आपणा दोघांना कार्यालयात बोलावून थोडा वेळ बसवून ठेवले तर घाबरू नये, हे नेहमीचेच आहे. त्या वेळी भारताचे परतीचे तिकीट दाखवता आले तर उत्तम. घरी पोहोचल्यावर आय-९४ पुन्हा एकदा उघडून तारीख पाहावी.

दुसरी रात्र कॅनडाच्या बाजूला काढावी, कारण दोन्ही धबधबे समोरून एकत्र दिसतात ते तिथूनच, आणि अंधार पडल्यावर त्यांच्यावर रंगीत प्रकाश सोडतात. टोरोंटो तिथून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. ५५३ मीटर उंचीचा सी. एन. टॉवर पाहण्याचा मोह मी समजू शकतो, पण चार दिवसांच्या सहलीत टोरोंटो घातले की धबधब्यापाशी बसून राहण्याचा वेळ जातो आणि मुलाचा सगळा दिवस वाहतुकीत जातो. ओळखीचे किंवा नातलग तिथे नसतील तर मी ते गाळले असते.

मधुमेहाची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि दोन दिवसांची जास्तीची, हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन घेत असाल तर ते डिकीत ठेवू नये. विम्याचे पत्र नीट वाचावे. भारतात घेतलेल्या पॉलिसीत कॅनडा धरलेला असतो की नाही ते पाहावे, आणि अमेरिकेत घेतलेली पॉलिसी असेल तर शेजारच्या देशातील दिवसांना काही मर्यादा आहे का, हे कंपनीकडून लेखी मागवावे. पाहुण्यांना कॅनडात उपचार फुकट मिळत नाहीत. मुलाची गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडण्याची परवानगी भाडेकरारात असायला हवी, आणि स्वतःची असेल तर तिचा विमा कॅनडात चालतो याचा कागद विमा कंपनीकडून घ्यावा. फोनचे रोमिंग धबधब्यापाशी नकळत बदलते, तेही आधी पाहून ठेवावे.

खाण्याच्या डब्याविषयी एकच सूचना. लाडू-चिवडा नेण्यास हरकत नाही, पण विचारल्यावर जे आहे ते सांगून टाकावे. परत येताना कॅनडातील भारतीय दुकानातून ताजा कढीपत्ता मात्र घेऊ नये. त्याच्याबरोबर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारा कीटक येतो, म्हणून अमेरिकेत तो आणण्यास मनाई आहे, आणि न सांगता नेलेली जुडी सापडली तर दंड होऊ शकतो.

कॅनडाचा व्हिसा वेळेत आला नाही किंवा नाकारला गेला, तरी नायगारा रद्द करू नये. अमेरिकेच्या बाजूने निघणारी बोटही त्याच मोठ्या धबधब्याच्या कुशीत जाते. तेथून परतताना वेळ असेल तर अलेक्झांड्रिया बेहून थाउजंड आयलंड्सची फेरी करता येते. त्या फेरीतील बोल्ट कॅसल अमेरिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे या बाजूने जाणाऱ्याला सीमेचा प्रश्न येत नाही. कॅनडातून बोटीने येणाऱ्याला मात्र तिथे उतरताना अमेरिकेची तपासणी द्यावी लागते.

प्रश्न : माझी मुलगी लंडनला असते. मी सध्या सहा महिन्यांच्या व्हिसावर तिच्याकडे आले आहे. युरोस्टारने तीन दिवस पॅरिसला जाऊन यावे असे आम्ही ठरवले आहे. फ्रान्सचा व्हिसा येथूनच काढता येईल ना? – एक वाचक, डोंबिवली, सध्या लंडन

उत्तर : बहुधा नाही, आणि हे आपल्याला आधी कोणी सांगितले नाही याचे वाईट वाटते. फ्रान्ससह बहुतेक युरोपीय देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज आपण जेथे कायदेशीररीत्या राहता त्या देशातून करायचा असतो. पाहुणा म्हणून आलेल्या व्यक्तीचा अर्ज लंडनमध्ये अपवादानेच स्वीकारला जातो, आणि त्यासाठी भारतातून अर्ज का करता आला नाही याचे सबळ कारण द्यावे लागते. ‘इथे आल्यावर सुचले’ हे ते कारण नव्हे. मुलीचा तेथील निवासाचा परवाना तिच्यापुरता आहे, तो आपल्याला उपयोगी पडत नाही. पुढील वेळी मुंबईतूनच दोन्ही व्हिसा काढावेत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो, शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

या खेपेस दुसरा मार्ग आहे. आपल्या व्हिसाच्या शिक्क्यावर ‘बीआयव्हीएस’ ही इंग्रजी अक्षरे असतील, तर ब्रिटनमध्ये प्रवेश केल्यानंतर त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येते. ही सोय भारतीय आणि चिनी नागरिकांसाठी आहे. डब्लिन पॅरिस नव्हे हे खरे, पण तीन दिवसांना पुरेसे आहे. अक्षरे नसतील तर एडिंबराला रेल्वेने जावे, मध्ये कोणतीही सीमा नाही. युरोस्टारचे तिकीट काढले असेल तर आजच त्याची रद्द करण्याची मुदत पाहावी, कारण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच गाडीत बसण्यापूर्वी होते आणि तेथूनच परत पाठवतात.

प्रश्न : श्टुटगार्टला मुलाकडे अडीच महिन्यांसाठी जात आहोत. जर्मनीच्या व्हिसावर स्वित्झर्लंडला गाडीने दोन दिवस जाता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाता येईल. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी चालतो. व्हिसा सर्व शेंगेन देशांसाठी वैध असल्याचे मात्र शिक्क्यावर पाहून घ्यावे. तेथील दोन दिवस शेंगेनमधील मुक्कामाच्या आपल्या ९० दिवसांच्या मर्यादेतच मोजले जातात. सीमेवर कोणी थांबवले नाही तरी मूळ पासपोर्ट जवळ हवेत, कारण मोबाइलमधील छायाचित्र पासपोर्ट म्हणून चालत नाही. मुलाची गाडी स्विस महामार्गावर नेण्यासाठी ४० फ्रँकचा वार्षिक टोल-स्टिकर लागतो आणि तो ऑनलाइनही घेता येतो. दोन दिवसांसाठी स्वस्त पर्याय नाही, पूर्ण वर्षाचाच घ्यावा लागतो.